चिठ्ठी डॉक्टरची, निवड दुकानदाराची : जेनेरिक औषधांच्या 2023 मधील नियमाचे प्रकरण

2 ऑगस्ट 2023 रोजी डॉक्टरांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीचे नवे विनियम राजपत्रात प्रसिद्ध केले. त्यांतील एका तरतुदीनुसार प्रत्येक डॉक्टरने औषध त्याच्या जेनेरिक नावाने, म्हणजे गोळीत असलेल्या औषधी द्रव्याच्या नावाने, सुवाच्य अक्षरांत लिहून देणे बंधनकारक झाले, आणि वारंवार तसे न करणाऱ्याचा व्यवसायाचा परवाना काही काळासाठी निलंबित करण्याची तरतूद झाली. 23 ऑगस्ट रोजी त्याच आयोगाने हे विनियम संपूर्णपणे स्थगित केले आणि 2002 चे जुने विनियम पुन्हा लागू केले. मधल्या 21 दिवसांत इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने जोरदार विरोध नोंदवला, मोठ्या औषध कंपन्यांच्या संघटनेने आपले म्हणणे मांडले, दोघांचीही तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांच्याबरोबर बैठक झाली आणि विषय मिटला, निदान कागदावर तरी मिटला.

या वादाची चर्चा त्या वेळी डॉक्टर विरुद्ध रुग्ण किंवा ब्रँड विरुद्ध जेनेरिक अशा जोडीने झाली. मला हे प्रकरण परवान्यांचे वाटते. गोळी कारखान्यातून निघून रुग्णाच्या हातात पडेपर्यंत तिच्या वाटेत शासनाने दिलेले तीन निरनिराळे परवाने येतात: उत्पादकाचा, विक्रेत्याचा आणि डॉक्टरचा. आयोगाच्या हातात यांतला केवळ तिसरा होता आणि त्याने तोच उगारला. उरलेले दोन परवाने वेगळ्या कायद्यांखाली, वेगळ्या खात्यांकडे, बऱ्याच अंशी राज्यांच्या अखत्यारीत आहेत. नियम तीन आठवड्यांत का कोसळला आणि तो टिकला असता तरी रुग्णाचे पैसे वाचण्याची खात्री का नव्हती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या वाटणीत सापडतात.

नियमाचा मजकूर आणि त्याची पूर्वपीठिका

आयोगाचा युक्तिवाद साधा होता. भारतात आरोग्यावरच्या खर्चाचा मोठा भाग लोक स्वतःच्या खिशातून करतात, त्यातही औषधांचा वाटा मोठा आहे, आणि जेनेरिक औषधे ब्रँडेड औषधांपेक्षा 30 ते 80 टक्क्यांनी स्वस्त असतात, असे विनियमांसोबतच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले होते. तेव्हा डॉक्टरांनी जेनेरिक नावे लिहावीत, ब्रँडेड जेनेरिक टाळावीत, रुग्णांना सरकारी योजनेतील जनऔषधी केंद्रांकडे पाठवावे. ज्या औषधांच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी रुग्णाला धोका संभवतो अशी औषधे आणि जैवसदृश औषधे, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधांच्या जवळपास सारख्या प्रती, यांना सूट होती. पहिल्या उल्लंघनाला ताकीद किंवा नीतिमूल्ये आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या कार्यशाळेत हजेरी, आणि पुनःपुन्हा घडल्यास निलंबन, असा शिक्षेचा चढता क्रम होता.

यात 'ब्रँडेड जेनेरिक' हा जो शब्द आला तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या औषधाचे पेटंट संपले आहे किंवा भारतात कधी नव्हतेच, ते औषध शास्त्रीय अर्थाने जेनेरिकच असते, मग त्याच्या पाकिटावर कंपनीने कोणतेही नाव छापलेले असो. आपल्या मेडिकलच्या दुकानात मिळणारी बहुसंख्य औषधे या प्रकारची आहेत. मेटफॉर्मिनची, पॅरासिटामॉलची, अम्लोडिपिनची डझनावारी नावे बाजारात आहेत. ती सगळी ब्रँडेड जेनेरिक. त्याखेरीज काही कंपन्या तेच औषध वैद्यकीय प्रतिनिधींच्या मार्फत डॉक्टरांकडे न नेता थेट घाऊक व्यापाऱ्यांमार्फत दुकानात पोचवतात. बाजारात त्याला 'ट्रेड जेनेरिक' म्हणतात आणि दुकानदाराच्या बोलण्यात तेच 'जेनेरिक' असते. तिसरा प्रकार जनऔषधीचा, ज्यावर केवळ औषधी द्रव्याचे नाव आणि सरकारी योजनेचे चिन्ह असते. एकाच शब्दाखाली हे तीन प्रकार वावरत असताना '30 ते 80 टक्के स्वस्त' हा आकडा नक्की कोणत्या दोन वस्तूंच्या तुलनेतून आला, हा प्रश्न नियमाच्या मुळाशीच होता.

ब्रँडची नावे मागे सारण्याची कल्पनाही नवी नव्हती. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 मध्येच टप्प्याटप्प्याने ब्रँडनावे रद्द करण्याची शिफारस केली होती. त्यानंतर ॲनाल्जिन, ॲस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट आणि पिपरॅझिन या पाच औषधांपासून सुरुवात करण्याचा सरकारचा प्रयत्न झाला, तो कंपन्या न्यायालयात गेल्यामुळे अडला. 2002 च्या आचारसंहितेत आयोगाच्या आधीच्या भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी 'शक्य तेथवर' जेनेरिक नावे लिहावीत असे सौम्य वाक्य घातले. 2016 मध्ये त्यातून 'शक्य तेथवर' काढून टाकले गेले आणि सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत, अशी भर पडली. एप्रिल 2017 मध्ये पंतप्रधानांनी सुरत येथील भाषणात जेनेरिक नावांसाठी कायदेशीर व्यवस्था आणण्याचे सूतोवाच केल्यावर परिषदेने काही दिवसांतच सर्व डॉक्टरांना परिपत्रक काढून या कलमाची आठवण करून दिली.

म्हणजे 2023 च्या नियमाने नवे कर्तव्य निर्माण केले नव्हते. कर्तव्य 2016 पासून पुस्तकात होतेच, आणि स्थगितीनंतर जुने विनियम पुन्हा लागू झाल्यामुळे ते आजही पुस्तकात आहे. 2023 मध्ये नवे होते ते त्या कर्तव्याला जोडलेले निलंबनाचे भय आणि तपशीलवार सूचना. एवढ्याशा बदलाने एवढे वादळ उठले याचा अर्थ जुने कलम कोणीही गंभीरपणे घेतलेले नव्हते, डॉक्टरांनी नाही आणि ते लागू करण्याची जबाबदारी असलेल्या वैद्यक परिषदांनीही नाही.

काउंटरवर काय घडते

आता हा नियम टिकला असता तर नेमके काय झाले असते ते एका चिठ्ठीच्या आधारे पाहू. डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे: अमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम अधिक क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. रुग्णाचा मुलगा ती चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. दुकानदाराच्या मागच्या कप्प्यात याच मिश्रणाच्या चार-पाच कंपन्यांच्या पट्ट्या आहेत. यांतली कोणती द्यायची हे आता डॉक्टर ठरवत नाही, रुग्णाला ठरवता येत नाही, ते काउंटरमागचा माणूस ठरवतो. त्याने सर्वांत स्वस्त पट्टी द्यावी असे सांगणारा कोणताही नियम नव्हता आणि आजही नाही.

तो कोणती देईल? इथे औषधांच्या किमतीची रचना आडवी येते. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 प्रमाणे ठरते. बाजारातील किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदारासाठीच्या किमतींची साधी सरासरी काढून तिच्यात 16 टक्के दुकानदाराचा नफा मिळवला जातो. यादीबाहेरच्या औषधांना अशी कमाल मर्यादा नसते. त्यांची छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढाच निर्बंध असतो, आणि रिवाजाने घाऊक व्यापाऱ्याला 10 व दुकानदाराला 20 टक्के सुटतात. हा रिवाज डॉक्टरांकडे खपवल्या जाणाऱ्या ब्रँडना लागू होतो. ट्रेड जेनेरिक विकणारी कंपनी वैद्यकीय प्रतिनिधी, परिषदा, नमुने यांवर खर्च करत नाही. तो वाचलेला पैसा ती दुकानदाराला जास्त नफ्याच्या रूपाने देते. समजा, दोन पट्ट्यांवर 100 रुपये हीच छापील किंमत आहे. पहिली दुकानदाराला 80 रुपयांना पडते आणि दुसरी 30 रुपयांना. रुग्णाने दोन्हींसाठी शंभरच मोजायचे आहेत. ग्राहकाला जाणीव असेल, त्याने घासाघीस केली, तर दुसऱ्या पट्टीवर सूट मिळेल. नाही तर सत्तर रुपये काउंटरमागे राहतील. म्हणजे जेनेरिक स्वस्त असते हे खरे, परंतु ते सर्वप्रथम दुकानदाराला स्वस्त असते, आणि ती स्वस्ताई रुग्णापर्यंत झिरपेल की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर आणि शेजारच्या दुकानाशी असलेल्या स्पर्धेवर राहते.

डॉक्टरांच्या संघटनेने हा मुद्दा मांडला तेव्हा अनेकांना तो सोयीचा वाटला, कारण ब्रँड लिहिण्याच्या सध्याच्या पद्धतीत डॉक्टर आणि कंपनी यांचे हितसंबंध कसे गुंतलेले असतात हे सर्वांना माहीत आहे. ते हितसंबंध आहेत आणि ते घातकही आहेत. पण दोष खरा असल्यामुळे आक्षेप खोटा ठरत नाही. कंपन्यांचा प्रचाराचा पैसा जिथे निवड होते तिथे जातो. आज निवड डॉक्टरांच्या टेबलावर होते म्हणून प्रतिनिधी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेले दिसतात. निवड काउंटरवर गेली की पैसाही काउंटरवर गेला असता, आणि तिथे तो अडवणारे फारसे काही नाही.

काउंटरमागे कोण उभा असतो हाही प्रश्न आहेच. फार्मसी कायदा, 1948 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे असते. प्रत्यक्षात प्रमाणपत्र एकाचे, दुकान दुसऱ्याचे आणि पट्टी कापून देणारा तिसराच, हे चित्र महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. 2011 ते 2014 या काळात महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्टची उपस्थिती आणि प्रत्येक विक्रीची पावती यांबाबत कडक मोहीम राबवली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटना थेट संघर्षाच्या पवित्र्यात आल्या आणि बंदही पुकारले गेले. कायद्यात पाऊण शतकापासून असलेली अट लागू करायला गेल्यावर एवढा प्रतिकार होतो, त्या अटीच्या भरवशावर औषधाच्या निवडीचा अधिकार काउंटरकडे सोपवणे धाडसाचे होते.

उलट बाजूची अडचण औषध नियमांतच आहे. नियम 65 मधील 11-ए हा उपनियम सांगतो की अनुसूची एच आणि एक्स मधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी, औषधे लिहिलेल्या चिठ्ठीवर विक्रेत्याने त्या औषधाऐवजी दुसरे काहीही देऊ नये, मग दुसऱ्यात तेच द्रव्य असले तरीही. डॉक्टरने ब्रँड लिहिला असेल आणि रुग्ण म्हणाला, 'यातलंच स्वस्त काही आहे का हो?', तर प्रामाणिक फार्मासिस्टने नाही म्हणायचे असते. तो हो म्हणाला तर तो नियम मोडतो. रोज हजारो दुकानांत तो मोडला जातो, कधी रुग्णाच्या भल्यासाठी आणि कधी स्वतःच्या. जो कायदा डॉक्टरला जेनेरिक लिहायला सांगतो आणि जो कायदा विक्रेत्याला पर्याय देण्यास मनाई करतो, ते दोन्ही एकाच देशात, एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली, एकमेकांकडे न पाहता उभे आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रात तर चिठ्ठीच नसते अशीही परिस्थिती सर्रास आढळते. औषध नियमांच्या अनुसूची के मधील सवलतीमुळे डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला स्वतःकडचे औषध देता येते, आणि तालुक्याच्या गावातला डॉक्टर सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून तपासणीच्या फीमध्येच देतो. त्या पुडीवर ना ब्रँड असतो, ना जेनेरिक नाव. 2023 च्या नियमाचा सगळा भर चिठ्ठीवर होता. पुडीपर्यंत तो पोचतच नव्हता.

पट्टीच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर

डॉक्टरांच्या संघटनेचा मुख्य आक्षेप गुणवत्तेचा होता. जेनेरिकच्या दर्जाची खात्री नसताना ते लिहायला लावणे म्हणजे रुळांशिवाय आगगाडी चालवण्यासारखे आहे, अशी उपमा त्यांनी दिली आणि देशात तयार होणाऱ्या औषधांपैकी 0.1 टक्क्यापेक्षाही कमी औषधांची गुणवत्ता तपासली जाते असा दावा केला.

हा आक्षेप कितपत खरा आहे ते पाहण्यासाठी कोणत्याही नामांकित ब्रँडची पट्टी उलटी करून पाहावी. मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या कंपनीचे नाव ठळक असते. त्याआधी 'यांच्याकडून विपणन' अशा अर्थाचा शब्द असतो. त्याच्या खाली किंवा वर, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत, उत्पादकाचे नाव, हिमाचल प्रदेशातील बद्दी किंवा उत्तराखंडातील हरिद्वार असा पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. 2003 मध्ये केंद्राने या डोंगरी राज्यांतील उद्योगांना उत्पादन शुल्कात सवलत दिल्यानंतर औषध कारखाने तिकडे गेले, आणि एकाच कारखान्यात अनेक कंपन्यांसाठी गोळ्या पाडून वेगवेगळ्या पट्ट्यांत भरण्याचा व्यवसाय फोफावला. ज्या कारखान्यातून ट्रेड जेनेरिक निघते, त्याच कारखान्यातून, त्याच परवान्यावर, डॉक्टरांच्या विश्वासातला ब्रँडही निघू शकतो. ब्रँड विकणारी कंपनी आपल्या नावाला जपण्यासाठी जास्त तपासण्या करून घेत असेल, अनेक करतातही, आणि मार्च 2021 पासून विपणन करणारी कंपनीही गुणवत्तेला कायद्याने जबाबदार आहे. पण 'जेनेरिकचा दर्जा खात्रीचा नाही' हे वाक्य पूर्ण करायचे तर 'आणि म्हणून ब्रँडेडचाही नाही' हे पुढचे अर्धे वाक्य म्हणावे लागते. ते संघटनेने म्हटले नाही. माझ्या मते तिच्या भूमिकेतला सर्वांत कच्चा दुवा हाच होता.

उपलब्ध मोजणी काय सांगते? 2014 ते 2016 या काळात केंद्र सरकारने केलेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात 47,012 नमुने तपासले गेले. त्यांपैकी 3.16 टक्के प्रमाणित दर्जाचे नव्हते आणि बनावट ठरलेले 0.0245 टक्के होते. किरकोळ दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांत नापास होण्याचे प्रमाण सुमारे 3 टक्के, तर सरकारी पुरवठ्यातून घेतलेल्या नमुन्यांत ते 10 टक्क्यांच्या घरात होते. दोन्ही बाजूंना अस्वस्थ करणारे हे आकडे आहेत. बाजार सडलेला आहे असे त्यांतून निघत नाही; मात्र जिथे गरिबाला औषध फुकट मिळते तिथेच ते नापास होण्याची शक्यता तिप्पट असते हे निघते, आणि त्याला जेनेरिक हे नाव कारणीभूत नसून सर्वांत कमी बोलीची निविदा आणि साठवणुकीतला गलथानपणा अशी कारणे शोधावी लागतात.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंतची साखळी उलगडली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. तेथे कोणत्याही डॉक्टरने ब्रँड लिहिला असता किंवा नसता तरी काही फरक पडला नसता. रुग्णालयाच्या भांडारात जे आले होते तेच रुग्णाला दिले गेले. 2023 मध्ये नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे तपासणीत आढळले, तेव्हा लेंटिन अहवालाला साडेतीन दशके उलटून गेली होती.

या सगळ्याची किल्ली पहिल्या परवान्यात, म्हणजे उत्पादनाच्या परवान्यात आहे. भारतात नव्या औषधाला परवानगी केंद्र देते, पण औषध चार वर्षे जुने झाले की त्याचे उत्पादन करण्याचा परवाना राज्याचे औषध प्रशासन देते. या दुसऱ्या, तिसऱ्या, पन्नासाव्या उत्पादकाची गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते की नाही, हे सिद्ध करणारी जैवसमतुल्यता चाचणी राज्यांच्या परवान्यासाठी अनेक वर्षे सक्तीची नव्हती. एप्रिल 2017 मध्ये नियम बदलून ती पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या दोन वर्गांपुरती सक्तीची झाली. त्यापूर्वी दिलेले परवाने मात्र बाजारात कायम होते. रक्तदाब किंवा अपस्माराच्या एखाद्या औषधाची पट्टी बदलल्यावर 'या गोळीने गुण येत नाही' असे रुग्ण सांगतो तेव्हा तो भ्रम आहे की वस्तुस्थिती, हे ठरवण्याचे साधन डॉक्टरकडे नसते. या बाबतीत डॉक्टरांची भीती मला पूर्णपणे रास्त वाटते.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2003 मध्येच सांगून ठेवले होते की दर 50 उत्पादन केंद्रांमागे एक आणि दर 200 विक्री केंद्रांमागे एक औषध निरीक्षक हवा आणि राज्यागणिक बदलणारी अंमलबजावणी एका सक्षम केंद्रीय यंत्रणेखाली यावी. एखादे राज्य कडक, शेजारचे राज्य ढिले, आणि ढिल्या राज्याच्या परवान्यावर बनलेली गोळी मात्र देशभर विकायला मोकळी, हा पेच समितीने अचूक ओळखला होता. आयोगाचा 2023 चा नियम त्या पेचाला स्पर्शही करत नव्हता, कारण आयोगाला तो अधिकारच नाही.

जिथे ही पद्धत चालली

जेनेरिक नावाने लिहिणे भारतात अशक्य आहे, असा निष्कर्ष यातून काढला तर तो चुकीचा ठरेल. तामिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. तिथे येणाऱ्या प्रत्येक बॅचचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांकडे जातात आणि अहवाल आल्यावरच ती बॅच रुग्णालयात पोचते. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली, तिच्यामागेही अशीच खरेदी आणि तपासणी यंत्रणा उभी केली आणि सरकारी डॉक्टरांनी जेनेरिक नावे लिहिण्याची सक्ती केली. या दोन्ही ठिकाणी डॉक्टर जेनेरिक नाव लिहितो तेव्हा खिडकीवर त्या नावाचे एकच, आधी तपासलेले औषध असते आणि ते देणाऱ्याला कोणत्या कंपनीचे औषध खपते यात काडीचाही नफा नसतो. निवड आणि जबाबदारी एकाच खरेदीदाराकडे असल्यामुळे तिथे ती सक्ती पेलली गेली. महाराष्ट्राने 2017 मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि 2023 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापन केले; तामिळनाडूच्या मानाने जवळजवळ तीन दशके उशिरा.

खाजगी बाजारासाठीचा धडा अमेरिकेतून मिळतो, कारण तिथे औषध देण्याचे नियम राज्येच करतात. 1950 च्या दशकात तिथल्या बहुतेक राज्यांनी आपल्या 11-ए सारखेच, पर्यायी औषध देण्यास मनाई करणारे कायदे केले होते. 1970 च्या दशकात ते एकेक करून मागे घेतले गेले. मग फार्मासिस्टने कोणते औषध कोणत्याऐवजी द्यायचे, हे राज्यांना कळावे म्हणून केंद्रीय औषध प्रशासनाने 1980 मध्ये उपचारदृष्ट्या समतुल्य औषधांची अधिकृत यादी प्रसिद्ध केली, आणि 1984 च्या कायद्याने जैवसमतुल्यतेच्या आधारावर जेनेरिकना मान्यता देण्याचा मार्ग निश्चित केला. तिथे डॉक्टर आजही सर्रास ब्रँडचे नाव लिहितो. यादीच्या आधारे बदल फार्मासिस्ट करतो आणि डॉक्टरला विशिष्ट ब्रँडच हवा असेल तर तो तसे चिठ्ठीवर नमूद करतो. डॉक्टरने काय लिहावे यावर लढाई करण्याऐवजी विक्रेत्याने काय द्यावे याचा आधार त्यांनी पक्का केला. भारतात अशी सार्वजनिक, उत्पादकाच्या नावानिशी प्रसिद्ध झालेली समतुल्यतेची यादी नाही.

स्थगितीबरोबर आणखी काय गेले

जेनेरिकच्या गदारोळात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, आणि तिचे मला अधिक वाईट वाटते. स्थगित झाले ते एक कलम नव्हे, अख्खे विनियम. त्यांतच औषध कंपन्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रायोजकत्वाने होणाऱ्या परिषदा, कार्यशाळा, व्याख्याने यांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये असे स्पष्ट बंधन होते. 2009 मध्ये वैद्यक परिषदेने भेटवस्तू आणि प्रवासखर्चावर घातलेली बंदी जुन्या विनियमांत आहे, पण 2016 मध्ये तिच्यातून डॉक्टरांच्या संघटना वगळल्या गेल्या होत्या, आणि ती पळवाट 2023 चे कलम बरेचसे बुजवत होते. दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण आणि त्यासाठी सततच्या प्रशिक्षणाचे 30 गुण, ही तरतूदही त्याच पुस्तिकेत होती. ज्या कलमावर आयोगाचा पूर्ण अधिकार होता आणि जे त्याच्या हातातल्या परवान्यानेच अमलात आणता येण्याजोगे होते, ते कलम ज्यावर त्याचा अधिकार तोकडा होता त्या कलमाबरोबर बुडाले. दोन्ही वेगळ्या अधिसूचनांनी आणली असती तर विरोधकांना परिषदांच्या प्रायोजकत्वाचे उघड समर्थन करावे लागले असते, आणि ते त्यांना सोपे गेले नसते.

कंपन्यांच्या बाजूने त्यानंतर थोडी हालचाल झाली. मार्च 2024 मध्ये औषध विपणनाची नवी समान संहिता आली. उत्पादनाच्या दर्जाविषयीची सुधारित अनुसूची एम डिसेंबर 2023 च्या अखेरीस अधिसूचित झाली. 250 कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना सहा महिने आणि लहान-मध्यम उत्पादकांना वर्षभराची मुदत मिळाली, आणि लहानांची मुदत नंतर 2025 च्या अखेरपर्यंत वाढवली गेली. जनऔषधी केंद्रांचा 10,000 चा टप्पा 30 नोव्हेंबर 2023 रोजी पार झाला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही औषध विपणनाविषयीच्या सुनावणीत डॉक्टरांनी केवळ जेनेरिक नावे लिहावीत असे बंधन असायला हवे, असे तोंडी मत व्यक्त केले. म्हणजे विषय पुन्हा आयोगाच्या दारात येणार हे उघड आहे.

तो येईल तेव्हा क्रम उलटा असावा असे मला वाटते. प्रथम राज्यांनी दिलेले जुने उत्पादन परवाने जैवसमतुल्यतेच्या कसोटीवर तपासून समतुल्य औषधांची नावानिशी यादी प्रसिद्ध व्हावी, सुरुवातीला रक्तदाब, मधुमेह आणि संसर्गावरील रोजच्या वापरातील मोजक्या औषधांपुरती झाली तरी चालेल. मग 11-ए या उपनियमात दुरुस्ती होऊन त्या यादीतील औषधांपुरता पर्याय देण्याचा अधिकार फार्मासिस्टला मिळावा, आणि त्याबरोबरच रुग्णाला यादीतील सर्वांत स्वस्त पर्याय सांगण्याचे व दिलेल्या औषधाचा उत्पादक पावतीवर लिहिण्याचे बंधन त्याच्या परवान्याला जोडले जावे. यादीबाहेरच्या औषधांवरील दुकानदाराच्या नफ्याला कमाल मर्यादा घालण्याचे काम औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जाते. एवढे झाल्यावर डॉक्टरने जेनेरिक नाव लिहिले नाही म्हणून त्याचा परवाना निलंबित करण्याला आधार मिळतो, कारण त्याने लिहिलेल्या नावाचा अर्थ काउंटरवर काय होईल हे तोवर कायद्याने निश्चित झालेले असेल. आज मात्र जेनेरिक नाव न लिहिल्याबद्दल एखाद्या रुग्णाने महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरची तक्रार केली तर परिषदेपुढे 2016 चे कलम असेल, आणि त्याच चिठ्ठीवर स्वस्त पर्याय देणाऱ्या फार्मासिस्टची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे गेली तर तिथल्या अधिकाऱ्यापुढे 11-ए असेल; दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतील.